एक वांगं, एक अंडं आणि बाबा

रविवारी सकाळी साडेदहा वाजता तुम्ही काय करत असता? लोळत असता, बरोबर! आठवडाभर बदलापूर लोकलमध्ये एका पायावर उभं राहून सीएसएमटी गाठणाऱ्याला तेवढा हक्क आहेच. मी मात्र तीन रविवारांपूर्वी साडेदहा वाजता, नाइटड्रेसमध्ये, इंडक्शनसमोर उभी राहून एका वांग्याला विनवण्या करत होते. भाज ना रे बाबा, भाज!

ते भाजत नव्हतं. तव्यावर नुसतं घामाघूम होत होतं. खालच्या बाजूला एक तपकिरी पट्टा, बाकी अंग तसंच्या तसं जांभळं आणि चकचकीत. वीस मिनिटांनी मी नाद सोडला. साल सोललीच जाईना. सुरीने खरवडून काढली तर आत उकडलेल्या वांग्याचा पांचट वास. तो खमंग, जळका, धुरकट वास, ज्यासाठी आपण वांगं भाजतो, त्याचा पत्ताच नाही.

कारण सिंपल आहे. इंडक्शन फक्त भांडं तापवतं. त्याला ज्योत नसते. आणि वांग्याला ज्योत लागते. साल जळायला हवी, आतल्या पाण्याची वाफ होऊन गर बसायला हवा आणि जळक्या सालीचा धूर गरात मुरायला हवा. आता माझा बदलापूरचा वन आरके भाड्याचा. घरमालकांच्या अटी दोन : सिलिंडर नको आणि भिंतीला खिळा नको. म्हणजे माझ्या घरात फोटोही टांगता येत नाही आणि वांगंही भाजता येत नाही. लाइनवर आमच्या पुढचं स्टेशन वांगणी असून काय उपयोग!

तुम्ही विचाराल, रविवारी सकाळी वांगं? तेही हिने? या कॉलमचे रेग्युलर वाचक असाल तर तुम्हाला ठाऊक आहे की माझं कुकिंग मॅगीपासून सुरू होतं आणि ब्रेड ऑम्लेटपाशी संपतं. तर त्याची एक स्टोरी आहे. थोडी मोठी आहे, पण शेवटी रेसिपी आहे, त्यामुळे वाचाच.

दादाचा व्हॉइस नोट

माझा दादा मर्चंट नेव्हीत आहे. वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर. त्याच्या जहाजावरचा कुक फिलिपिनो. त्यात नवल काही नाही. जगातल्या जहाजांवर सगळ्यात जास्त माणसं पुरवणाऱ्या देशांचा जो जागतिक अहवाल २०२१ मध्ये आला, त्यात फिलिपीन्स सगळ्यात वर होता आणि भारत पहिल्या पाचात. त्यामुळे आपल्याकडचा इंजिनीअर आणि तिकडचा कुक ही जोडी बऱ्याच जहाजांवर जमलेली असते. या कुकला सगळे जण 'कुया' म्हणतात. फिलिपिनो भाषेत कुया म्हणजे मोठा भाऊ. आपल्याकडे रिक्षावाल्यालाही दादा म्हणतात ना, तसंच. आणि मोठ्या बहिणीला म्हणतात 'आते'. आपली आत्या नव्हे, ताई!

तर दादाचा व्हॉइस नोट आला. मागे इंजिनाची घरघर. ''अगं, कुयाने आज एक भारी प्रकार केला. आख्खं वांगं भाजायचं, सोलायचं, देठ तसाच ठेवायचा. काट्याने चपटं करायचं, फेटलेल्या अंड्यात बुडवायचं आणि फ्राय. तोर्तांग तालोंग म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम. बाबांना जमेल बघ.''

त्या शेवटच्या तीन शब्दांसाठी मी तो नोट चार वेळा ऐकला. बाबांना जमेल बघ.

फ्रिजमधले तीन डबे

आई गेली त्याला आता दहा महिने झाले. बाबा अंबरनाथच्या घरात एकटे असतात. मी त्यांच्यापासून एकच स्टेशन लांब, पण कामाच्या वेळा अशा की आठवड्यातले चार दिवस मला बदलापूरला पोहोचायलाच दहा वाजतात. ''तुम्ही माझ्याकडे या'' म्हटलं, तर म्हणाले, ''तुझ्या त्या खोलीत मी पाय कुठे पसरू?'' ''मी तिकडे येते'' म्हटलं, तर म्हणाले, ''तू घर सोडून का येतेस? मला काय झालंय?'' वडील लोकांशी आर्ग्युमेंट करून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग डबा लावला. पोळी, भाजी, वरण, भात. सकाळचा एक, संध्याकाळचा एक. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड!

सॉल्व्ह्ड कसला? दिवाळीनंतर एका शनिवारी गेले तर फ्रिजमध्ये तीन डबे. रात्रीचे. न उघडलेले. त्याच आठवड्यात बाबांना चक्कर आली होती, ते शेजारच्या काकूंकडून कळलं. बाबांना डायबेटिस आहे. रात्रीची गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही, हा प्रकार चालला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ''गोळी घेतली की जेवण झालंच पाहिजे. नाहीतर साखर एकदम खाली जाते.''

मी चिडले. ''बाबा, जेवत का नाही तुम्ही?''

''भूक नव्हती.''

''तीन दिवस?''

यावर बाबांनी पेपर उघडला. आमच्या घरात पेपर उघडला की विषय बंद.

तुमच्यापैकी किती जणांच्या घरी हे चालू आहे मला माहीत नाही. पण ऑफिसात लंचला बोलायला बसलं की चारातल्या एकीकडे असतंच. आपण इकडे, आई किंवा बाबा तिकडे एकटे. आपण डबा लावतो, औषधांची अ‍ॅप लावतो, आणि फोनवर विचारतो, ''जेवलात का?'' तिकडून उत्तर येतं, ''हो.'' त्या 'हो'वर आपण झोपी जातो.

त्यात मार्गशीर्ष आला. आईचा वांग्याचा नेम कडक होता. कांदेनवमीला पोटभर भरीत, आणि मग चातुर्मास सुरू झाला की घरात वांगं बंद. ते थेट चंपाषष्ठीला उघडायचं. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि त्या दिवशी बाबा एकटे दोन वाट्या भरीत संपवायचे. यंदा आईचं वर्ष व्हायचंय, त्यामुळे सण नाहीत. चंपाषष्ठी आली आणि गेली. बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही.

आणि त्यानंतरच्या आठवड्यात दादाचा तो व्हॉइस नोट. वांगं!

कॅम्प नंबर चार

इंडक्शनवर आपटी खाल्ल्यावर मी ठरवलं, आता प्रॉपर करायचं. पहिली चूक माझ्या लक्षात आली होती. मी भरताचं वांगं घेतलं होतं, चांगलं लठ्ठ. तोर्तांग तालोंगला लांब, बारीक वांगी लागतात, तळहातापेक्षा जरा मोठी. एका माणसाला एक. ती घ्यायला मी शनिवारी उल्हासनगरला उतरले, कारण तिथे माझी कॉलेजची मैत्रीण राहते आणि तिच्या मते जगातली कुठलीही वस्तू उल्हासनगरमध्ये मिळते.

ती कॅम्प चारमध्ये राहते. बाहेरच्यांना हे 'कॅम्प' प्रकरण कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना त्याच बराकींमध्ये जागा दिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर नाव मिळालं. बराकी गेल्या, टॉवर आले, पण पत्ता अजून कॅम्प एक ते पाच असाच सांगतात.

वांगी मिळाली. लांब, बारीक, अर्ध्या किलोत चार. मग आम्ही निघालो केळ्याच्या केचपच्या शोधात. हसू नका! फिलिपीन्समध्ये हा प्रकार खरंच आहे. मारिया ओरोसा नावाच्या तिथल्या फूड टेक्नॉलॉजिस्टला त्याचं श्रेय देतात. टोमॅटोचा तुटवडा, केळी मात्र ढीगभर, मग केळी, व्हिनेगर, साखर आणि मसाले घालून सॉस केला. दिसावा टोमॅटोसारखा म्हणून लाल रंग. ही बाई १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत मारली गेली, पण तिचा केचप तिथल्या टेबलावर आजही आहे. तोर्तांग तालोंगबरोबर तो हवाच, असं कुयाचं म्हणणं.

तीन दुकानं झाली. चौथ्या दुकानदाराने आम्हाला शांतपणे ऐकून घेतलं. ''केले का सॉस?'' मग थोडा विचार करून म्हणाला, ''मॅडम, केले का वेफर है. दूं?'' उल्हासनगरमध्ये न मिळणारी एक वस्तू अखेर सापडली! आम्ही टोमॅटो केचप घेतला आणि सुटलो.

मैत्रिणीच्या घरी चहाला बसलो तेव्हा तिच्या मम्मीने विचारलं, एवढी वांगी कोणासाठी? मी सगळं सांगितलं. डबे, चक्कर, पेपर, सगळं. आंटींनी शांतपणे कोकीचा तुकडा माझ्या प्लेटमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, ''बेटा, खाना भेजने से क्या होगा? खाते टाइम सामने कोई चाहिए.''

मला ते तेव्हा फारसं पटलं नाही. मी मनात म्हटलं, तोच तर प्रॉब्लेम आहे ना आंटी, समोर कोण असणार?

बाबांची हीट ट्रीटमेंट

रविवारी सकाळी वांगी, अंडी आणि केचप घेऊन अंबरनाथला पोहोचले. बाबांना किचनमध्ये बोलावलं. ते दारात उभे राहिले, पाहुण्यासारखे. चाळीस वर्षं या घरात राहून त्यांना ओट्यावर चहापलीकडे काही करायची वेळ आली नव्हती, आणि आईने येऊ दिली नव्हती.

''हे मी करणार?'' बाबा.

''हो. मी फक्त रेसिपी वाचणार.''

बाबांनी चष्मा लावला आणि एक वांगं उचललं. फिरवून फिरवून बघितलं. देठाजवळ, टोकाला, बुडाला. ''याला भोक आहे. हे नको.'' आईने त्यांच्याकडून आणलेली भाजी वर्षानुवर्षं परत पाठवली होती, त्याचं ट्रेनिंग!

त्या भोकातली अळी म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. वांग्याच्या शेतकऱ्याचा सगळ्यात मोठा वैताग. या अळीपायी आपलं आणि फिलिपीन्सचं एक नातं आहे, ते मला हा कॉलम लिहिताना कळलं. अळीला तोंड देणारं बीटी वांगं तयार केलं ते आपल्या जालन्याच्या महिको कंपनीने. भारतात ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. तेच तंत्रज्ञान मग फिलिपीन्समध्ये गेलं. तिथे २०२२ मध्ये लागवडीला मंजुरी मिळाली आणि २०२४ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ती थांबवली. म्हणजे दोन्हीकडे वाद सेम, अळी सेम. तोपर्यंत आपल्याला बाबांचा चष्मा बरा.

गॅस पेटवला. काडेपेटीने. घरात लायटर आहे, पण बाबा तो वापरत नाहीत. अंबरनाथमध्ये एके काळी विम्कोचा काडेपेटीचा कारखाना होता. कारखाना गेला, विम्को नाका राहिला आणि काडी ओढायची बाबांची सवय राहिली. वांग्याला काट्याने चार ठिकाणी टोचलं (नाहीतर ते फुटतं आणि गर छताला लागतो), थोडं तेल चोळलं आणि ठेवलं ज्योतीवर.

मी म्हटलं, ''मोठा करू का गॅस? लवकर होईल.''

''अजिबात नाही,'' बाबा एकदम म्हणाले. ''वरून जळेल, आत कच्चं राहील. केस हार्डनिंग होईल त्याचं.''

मी बघतच राहिले. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, हे मला लहानपणापासून माहीत. २०२१ मध्ये सरकारने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, त्याच्या आधीच ते रिटायर झाले. पण तिथे ते नक्की काय करायचे, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते हीट ट्रीटमेंटला होते. लोखंड तापवायचं, थंड करायचं, किती तापलं ते ओळखायचं. भट्टीला मीटर असतोच, पण जुनी माणसं रंग बघतात. घासून चकचकीत केलेलं पोलाद तापवलं की आधी गवतासारखं पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, मग निळं. कुठल्या रंगावर उचलायचं, यावर सगळा खेळ.

हे सगळं बाबा सांगत होते ते वांग्यावरून नजर न हटवता. चिमट्याने देठ धरून पाव-पाव फेरी फिरवत. जांभळं वांगं काळं झालं, मग साल राखाडी होऊन सुटायला लागली, मधेच एक फुसकन वाफ आली आणि वांगं एकदम मऊ पडलं. ''झालं,'' बाबा म्हणाले. मी घड्याळ बघितलं. बारा मिनिटं. रेसिपीत दहा ते बारा लिहिलं होतं.

आणि तो वास! किचनभर, हॉलभर. बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. त्या घरात तो वास कांदेनवमीनंतर पहिल्यांदाच... नाही, यंदाच्या कांदेनवमीलाही आई नव्हती. म्हणजे गेल्या वर्षीनंतर पहिल्यांदाच.

अंड्याचा तवा

पाच मिनिटं झाकून ठेवलं की साल आपोआप सुटते. ओल्या बोटांनी सोलायची. नळाखाली धरू नका, सगळा धूर वाहून जाईल. देठ मात्र काढायचा नाही, हा या पदार्थाचा मेन फंडा. भरल्या वांग्यात आपणही देठ ठेवतोच. पण इथे तो हँडल आहे. देठ धरून वांगं ताटलीत आडवं ठेवायचं आणि काट्याने हळूहळू दाबायचं. पंख्यासारखं पसरतं.

'तोर्ता' हा शब्द तिकडे स्पॅनिश लोकांनी नेला. १५६५ पासून १८९८ पर्यंत तिथे त्यांचं राज्य होतं. आपल्याला पोर्तुगिजांनी पाव आणि बटाटा दिला, त्यांना स्पॅनिशांनी तोर्ता दिला. फिलिपीन्समध्ये तोर्ता म्हणजे ऑम्लेट आणि तालोंग म्हणजे वांगं. झालं नाव.

आता फ्रायपॅन हवा होता. मी शोधायला लागले तर बाबा वाकले आणि खालच्या फडताळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तवा काढला. आईचा अंड्याचा तवा! तुमच्याकडेही असेल. घरात अंडं चालतं, पण त्याचा तवा वेगळा, उलथनं वेगळं, आणि सोमवार-गुरुवार ते दोन्ही अदृश्य. तो कागद आईने गुंडाळलेला होता. बाबांनी तो सोडवला, त्याची नीट घडी घातली आणि बाजूला ठेवला. फेकला नाही.

पहिलं वांगं मी तळलं. आत्मविश्वास भरपूर. उलटताना देठ माझ्या हातात आला आणि वांगं तव्यात राहिलं. अंडा भुर्जी विथ वांगं! बाबा हसले. मोठ्याने. दहा महिन्यांत मी ते ऐकलं नव्हतं.

दुसरं बाबांनी केलं. एका हाताने देठ, दुसऱ्या हातात उलथनं, खालून पूर्ण सैल होईपर्यंत थांबले आणि मग एका दमात उलटं. सोनेरी, अख्खं, देठासकट. ताटलीत ठेवून ते जरा मागे सरकून बघत राहिले. फॅक्टरीत जॉब पास झाल्यावर असेच बघत असतील.

साडेनऊची वेळ

गरम भात, तोर्ता, बाजूला केचप. बाबांनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावला. मग म्हणाले, ''हे भरीत नाही.''

माझा चेहरा पडला.

''बरं झालं,'' ते म्हणाले. ''भरीत असतं तर तुलना झाली असती.''

आणि मग, मी काही न विचारता, पेपर न उघडता, बाबा बोलायला लागले. डबा चांगला असतो म्हणाले. चवीची तक्रार नाही. पण तो येतो सात वाजता. ''मी आणि तुझी आई साडेनऊला जेवायचो. बातम्या झाल्या की. चाळीस वर्षं. सातला आलेला डबा साडेनऊला उघडला की सगळं गार. गरम करायला उठावं तर मग एकट्याने बसायचं. म्हणून म्हटलं, राहू दे.''

मला उल्हासनगरच्या आंटी आठवल्या. आम्ही दोघं भावंडं डब्यात काय आहे ते बघत होतो. बाबांचा प्रश्न साडेनऊचा होता. तो डब्यात मावणारा नव्हता.

मग त्या दिवशी आम्ही डील केलं. संध्याकाळचा डबा बंद. सकाळच्या डब्यातल्या दोन पोळ्या रात्रीसाठी ठेवायच्या. आठवड्यातून तीन रात्री बाबा स्वतः काहीतरी गरम करणार, दोन रात्री शेजारच्या काकूंकडची भाजी (त्यांनी स्वतःच ऑफर दिली, मी विचारायच्या आधी), शनिवार-रविवार मी. आणि रोज साडेनऊला व्हिडिओ कॉल. फोन बातम्यांच्या टीव्हीसमोर उभा. मी जिथे असेन तिथे, जे असेल ते, त्याच वेळी खाणार. 'जेवलात का?' हा प्रश्न बाद. समोर दिसतंच.

लोकल लेट असेल तर? आहेच लेट! गेल्या मंगळवारी साडेनऊला मी विठ्ठलवाडीजवळ अडकलेली. लेडीज डब्यात फोन धरून उभी, एका हातात चिक्की, स्क्रीनवर बाबा वांगं उलटतायत. बाजूच्या बाईंनी डोकावून विचारलं, ''काका काय करतायत हो?'' उल्हासनगर येईपर्यंत निम्म्या डब्याला रेसिपी पाठ.

सगळं छान छान झालं असं नाही. एका रात्री बाबांनी कॉल उचलला नाही आणि मी अंबरनाथला उतरून धावत घरी गेले. ते सोफ्यावर झोपले होते, फोन सायलेंटवर. दोघंही एकमेकांवर ओरडलो आणि मग साडेदहाला भात लावला. पण तेव्हापासून गोळी जेवणाच्या ताटाशेजारी असते, आणि चक्कर पुन्हा आलेली नाही.

घ्या लिहून

एका माणसासाठी : एक लांब वांगं (सव्वाशे ते दीडशे ग्रॅम), एक अंडं, मीठ, मिरपूड, दोन चमचे तेल. वांगं वजनाला हलकं, साल चमकदार, देठ हिरवा, भोक नको. टोचा, तेल चोळा, मध्यम ज्योतीवर फिरवत दहा-बारा मिनिटं भाजा. पाच मिनिटं झाका, सोला, देठ ठेवा, काट्याने पसरा. खोलगट ताटलीत अंडं, मीठ, मिरपूड फेटा, वांगं त्यात दोन्ही बाजूंनी बुडवा. तेल तापलं की तव्यात सोडा, ताटलीत उरलेलं अंडं वरून ओता. मध्यम आचेवर तीन-तीन मिनिटं. खालून सुटल्याशिवाय उलटू नका, माझ्यासारखं होईल. कच्चं वांगं स्पंजासारखं तेल पितं, भाजलेलं पीत नाही, त्यामुळे दोन चमचे पुरतात. फिलिपीन्समध्ये अंड्यात खिमाही घालतात. इंडक्शनवाल्यांनो, ज्याच्या घरी गॅस आहे अशा माणसाकडे जा. त्या निमित्ताने भेट होईल.

जाता जाता. बाबांनी दादामार्फत कुयाला निरोप पाठवला : अंड्यात एक हिरवी मिरची आणि कोथिंबीर बारीक चिरून घालावी, सुधारणा होईल. कुयाने थम्सअप पाठवला आणि दुसऱ्या दिवशी जहाजावर तसं केलं म्हणे.

आणि काल रात्री, कॉल ठेवता ठेवता, बाबा म्हणाले, ''पुढच्या चंपाषष्ठीला भरीत करू. वांगी मी भाजतो. फोडणीचं तेवढं तू बघ.''

फोडणी! म्हणजे आता मला अकरा महिने आहेत. शिकवणार का कोणी?